वाखाची गोफण

शेतातल्या पत्र्याच्या खोलीत, दाराच्या आतल्या अंगाला, एका खिळ्यावर ती लोंबत असते. तिला घडी घालून ठेवलेलं चालत नाही. पिशवीत कोंबली की पीळ फिरतो, आणि दुसऱ्या दिवशी हातात घेतली की मनगटाला वेढे घालत बसते. म्हणून ती कायम टांगलेली, दोन्ही दोऱ्या मोकळ्या सोडलेली. मृगात ती ओल धरते आणि जड होते. वैशाखात इतकी कडक होते की वापरायच्या आधी पाण्याचा हात फिरवावा लागतो. थंडीत, पहाटेच्या दवात, ती सगळ्यात चांगली वागते. आत्या म्हणते, रब्बीसाठीच जन्मलीय ती.

गोफण आत्याची आहे. माझ्या आजोबांनी ती वळली, आत्या बारा वर्षांची असताना. आज आत्या एकोणऐंशीची आहे. खिळा माझ्या खोलीतला असला तरी गोफण तिचीच, आणि हे गोफणीलाही ठाऊक असावं. आत्याच्या हातात गेली की ती एकदम शहाणी होते.

अंबाडी हल्ली आमच्याकडे भाजीपुरती उरली आहे. पूर्वी ज्वारीच्या पाटाच्या कडेने, बांधाच्या आतून एक-दोन ओळी अंबाडीच्या असायच्याच. पाला भाजीला, बोंडं चटणीला, आणि उंच वाढलेली ताटं कापून, पेंढ्या बांधून डोहात दगडाखाली दाबून ठेवायची. पंधरा-वीस दिवसांनी ती कुजत. त्यांचा वास गावभर पसरायचा. मग कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून साल सोलायची, आपटायची, धुवायची, की हातात येतो तो वाख. फिकट सोनेरी, केसासारखा. तो मांडीवर वळून दोर, चऱ्हाट, दावी, कासरे, बाजेचं विणकाम सगळं घरीच व्हायचं. आजोबांनी त्यातला सगळ्यात लांब वाख निवडून तीन पेडांची वेणी घातली, मध्यावर वेणी फोडून तळहाताएवढा पट्टा विणला, आणि पुन्हा वेणी बांधून घेतली. त्या पट्ट्याला आत्या वाटी म्हणते. एका दोरीच्या टोकाला बोट जाईल एवढा फासा. दुसरी दोरी टोकाशी निमुळती होत जाते आणि शेवटी सुट्या वाखाचा झुबका. गोफणीचा आवाज त्या झुबक्यात असतो. धोंडा सुटतो त्या क्षणी झुबका हवेला फटकारतो, आणि बंदूक वाजावी तसा आवाज शिवारभर जातो.

मापही आत्याने मला सांगितलं. दोन्ही टोकं हातात धरून हात खाली सोडला की वाटी घोट्याला लागली पाहिजे. जमिनीला टेकली तर गोफण दुसऱ्याची. आत्या वाढली तशा दोऱ्या एकदा बदलल्या. वाटी तीच राहिली. तिच्या मधोमध, जिथे धोंडा बसतो, तिथे वाख काळा, गुळगुळीत, चामड्यासारखा झाला आहे. बोट फिरवलं की खोलगट लागतं. सत्तर वर्षांत किती हजार धोंडे तिथे क्षणभर बसून गेले असतील.

आत्याच्या लहानपणी ही गोफण पाखरांसाठी होती. हैदराबाद संस्थान जाऊन तेव्हा नऊ-दहा वर्षं झाली असतील. मालदांडी ज्वारी दुधात आली की भोरड्यांचे थवे यायचे, आभाळात धूर फिरावा तसे. चार मेढींवर माळा बांधायचा, पोरींना त्यावर चढवायचं, आणि दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत हाळ्या देत गोफण फिरवायची. शाळा मुलांसाठी, माळा मुलींसाठी, अशी वाटणी होती. आत्याला वाचता येत नाही. पण पन्नास पावलांवरच्या कणसावर पाखरू बसलंय की वारा हलवतोय हे तिला आजही खोलीच्या दारातून कळतं. पुढे 1993 चा भूकंप झाला. आमच्याकडे घरं पडली नाहीत, पण लोहारा-उमरग्याकडची गावं माळवदांखाली गाडली गेलेली पाहून माझ्या वडिलांनी, आबांनी, भीतीने आमचं माळवद उतरवलं आणि वर पत्रा टाकला. मेढी गेल्या, खुंट्या गेल्या, आणि गोफण खिळ्यावर आली. त्याच सुमाराला ज्वारी कमी होत गेली, सोयाबीन आलं. सोयाबीनवर भोरड्या बसत नाहीत. गोफण रिकामी झाली.

तिला पुन्हा कामाला लावलं ते हरणांनी.

मी सोलापूरला परिचारिका होते. चौतीस वर्षं वॉर्डात काढली, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि तेरणेच्या खोऱ्यातल्या आमच्या चार एकरांवर परत आले. तेर इथून जवळ. पहिल्याच पावसाळ्यात सोयाबीन उगवून दोन पानांवर आलं होतं. एका सकाळी जाऊन बघते तर बांधाकडच्या आठ ओळी जशा कात्रीने कापलेल्या. पानं नव्हतीच, फक्त कोवळे दांडे उभे. शेंडा गेला की रोप संपलं. चिखलात बदामासारखे, दोन फाकांचे खूर उमटलेले. आणि माळाच्या चढावर, उन्हाकडे तोंड करून, चौदा काळविटं उभी होती.

आम्ही सगळेच त्यांना हरीण म्हणतो. खरं म्हणजे काळवीट हा कुरंगाच्या जातीतला. सांबर-चितळांची शिंगं दर वर्षी गळतात, पुन्हा येतात. काळविटाची पीळदार शिंगं जन्मभर त्याच्या डोक्यावर राहतात. नर वरून काळाभोर आणि पोटाखाली पांढराशुभ्र, जणू कुणी दौतीत अर्धा बुडवलेला. माद्या आणि पाडसं मातकट. मादी आधी मान वर करते, मग एकेक जण उडी मारतो, चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात, आणि कळप बांध ओलांडून जातो तेव्हा नुकसान विसरून बघत राहावंसं वाटतं. मी विसरले, आणि पुढच्या आठवड्यात आणखी दहा ओळी गेल्या.

राखणीचे सगळे प्रकार गावात चालतात. जुन्या साड्यांचं कुंपण, चकाकणाऱ्या पट्ट्या, बाटल्यांच्या माळा, रात्रभर कुत्र्याचं रेकॉर्ड वाजवणारा भोंगा. हरणांना चार दिवसांत कळतं की साडी चावत नाही. काहीजण वीज सोडतात, आणि त्याचं मला मनापासून दुःख होतं. त्या तारेला हरीण चिकटतं, तसं शेजाऱ्याचं पोरही चिकटतं. नुकसानभरपाई आहे. तीन दिवसांच्या आत अर्ज करायचा, मग पंचनामा. मी केला, मिळालीही थोडी. पण दोन पानांवरचं रोप पंचनाम्याने उगवत नाही. आणि मारायचं तर नावच नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीने. तीन ते सात वर्षं कैद. मला वाटतं ते बरोबरच आहे. आत्याच्या लहानपणी हरणं गायरानात आणि माळावर असायची, शेतात क्वचित. माळ आपण नांगरले. ती आली नाहीत आपल्याकडे, आपण गेलो त्यांच्याकडे.

"खिळ्याची काढ की तिला," आत्या म्हणाली. "टांगून टांगून वाळलीय."

मी काढली. फासा मधल्या बोटात, मोकळी दोरी अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत, वाटीत लिंबाएवढा धोंडा. डोक्यावर फिरवून सोडली. धोंडा माझ्या मागे, खोलीच्या पत्र्यावर गेला.

गोफणीचं गणित साधं आहे. ती तुमचा हात दीड-दोन हातांनी लांब करते, बाकी काही नाही. धोंडा वर्तुळात फिरत असतो, आणि ज्या क्षणी चिमूट सुटते त्या क्षणी त्याचं तोंड जिकडे असेल तिकडे तो सरळ निघतो. क्षण लवकर आला तर आभाळात, उशिरा आला तर पायाशी, फारच चुकला तर मागे. डोळ्याने हे साधत नाही, कारण डोळ्याला दिसेपर्यंत तो क्षण गेलेला असतो. मनगटाला दोरीतून ओढ कळते, तीच खूण. वाटी समोर येण्याआधी ओढ किंचित बदलते, हलकी होते. ते कळायला मला पंधरवडा लागला. खांदा आधीच आखडलेला, वॉर्डात माणसं उचलून उचलून. रात्री मिठाच्या पाण्याने शेकायचा, सकाळी पुन्हा माळावर.

आत्या बाजेवर बसून बघायची. बोलायची थोडं. "तीन येढं कशाला? एकच. जास्त फिरीवलं की ती चिडती." आणि खरंच चिडायची. तीन वेढे दिले की दोऱ्या एकमेकींवर चढायच्या, वाटी कलंडायची, धोंडा वाटीतून आधीच निसटून कुठेही. एकच फेरी, खालून वर, अंगाबरोबर, पाऊल पुढे टाकत, की ती सरळ जायची. रागात फिरवली तरी तिला कळायचं. माझी मूठ आवळली जायची आणि चिमूट उशिरा सुटायची. आत्या न बघताच सांगायची, "आज घरात भांडण झालंय व्हय?"

धोंडे कुठले वेचायचे हेही गोफणच ठरवते. आमच्या रानातले दगड काळे, कोपऱ्याकोपऱ्यांचे. वाटीत नीट बसत नाहीत, सुटताना वाखाला कातरतात. तिला हवे तेरणेच्या पात्रातले, पाण्याने घासलेले गोटे. मी नदीवर जाऊन ओटीत गोटे भरून आणायला लागले. हातात घेतला की कळतं, हा चालेल, हा नाही. बाजारात वांगं निवडावं तसं.

आत्याने पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला होता. नेम हरणावर धरायचा नाही. "म्होरच्या जमिनीवर धर. ढेकळात धोंडा पडला, धूळ उडाली, फटका वाजला, की ते समजतं. त्याला लागलं तर तुझी चूक, न्हाई लागलं तर तुझी कला." ही गोष्ट मला फार उशिरा नीट उमगली.

माझा धाकटा भाऊ वीस वर्षांपासून अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात राहतो. मी गोफण शिकत होते त्याच पावसाळ्यात तो, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, क्रॉसबोने हरणाची शिकार शिकत होता. दोघांनाही एकमेकांचं ठाऊक नव्हतं. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर त्याने ते यंत्र दाखवलं. बंदुकीसारखा दस्ता, पुढे आडवं धनुष्य, वर दुर्बीण, खाली चाप. दोरी ताणायला चरखीसारखी मूठ. एकदा ताणली की अडकून राहते, खांद्यावर भार नाही. त्याच्या राज्यात पूर्वी हे हत्यार फक्त 65 वर्षांवरच्यांना आणि अपंगांना वापरता यायचं. 2014 पासून सगळ्यांना परवानगी मिळाली. तिकडे पांढऱ्या शेपटीची हरणं इतकी आहेत की शिकार हा सरकारी नियोजनाचाच भाग आहे. परवाना, ठरलेला हंगाम, ठरलेली संख्या. शेजारचा एक म्हातारा त्याला शिकवत होता. तीस पावलांच्या आत हरीण आलं, उभं राहिलं, आडवं दिसलं, तरच चाप ओढायचा, नाहीतर तसंच जाऊ द्यायचं. जखमी हरीण सोडून घरी येणाऱ्याला तिथे कुणी शिकारी म्हणत नाही.

मी त्याला वारा विचारला. तो म्हणाला, "ताई, सगळं वाऱ्यावरच आहे. तो माझ्याकडून तिकडे गेला की दिवस वाया." मी म्हटलं, इथे उलट. मला वास त्यांच्याकडे जायला हवा असतो. तो हसला नाही, विचारात पडला. मग आम्ही तासभर हरणांबद्दल बोललो. ती कुठून येतात, एकाच जागी लेंड्या का टाकतात, पुढे कोण चालतं, पाडस कुठे लपवतात. आई-आबा गेल्यापासून आमचं इतकं बोलणं झालं नव्हतं. त्याने मग गोफण दाखव म्हटलं. मी ती कॅमेऱ्यासमोर धरली. वाटीतला तो काळा गुळगुळीत डाग बघून तो गप्प झाला. लहानपणी तो त्या वाटीत चिंचोके ठेवायचा.

पुढच्या आठवड्यात त्याने वाचून वाचून मला गोफणीची माहिती पाठवायला सुरुवात केली. भूमध्य समुद्रातल्या बॅलिअरिक बेटांचे गोफणवाले रोमन सैन्यात भाडोत्री म्हणून जायचे. जवळच्या, मधल्या आणि लांबच्या पल्ल्यासाठी तीन वेगवेगळ्या लांबीच्या गोफणी बाळगायचे. डायोडोरस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने लिहिलंय की तिथल्या आया भाकरी खांबाला लावायच्या आणि पोराचा नेम तिला लागल्याशिवाय ती त्याला खायला द्यायच्या नाहीत. तिबेटातले गुराखी याकच्या केसांची गोफण वापरतात. 1981 साली अमेरिकेतल्या युटा राज्यात एकाने गोफणीने धोंडा 437 मीटर लांब फेकला. आणि आपल्याकडे, घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने जी तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती खणून काढली, तिथेही गोफणीत घालायचे गोळे सापडले. मी आत्याला हे सगळं वाचून दाखवलं. भाकरीचं ऐकून तिने मान हलवली. "आमाला पाखरं उडली न्हाईत तरी भाकर मिळायची. माज्या बापानं तसं कदी केलं न्हाई."

दिवाळीपर्यंत माझा धोंडा साठ पावलांवर, ठरवलेल्या जागेच्या दोन-चार हात इकडेतिकडे पडू लागला. झुबका वाजू लागला. कळप मला ओळखू लागला. फटका ऐकला की मादी मान वर करायची, पण पळण्याआधी क्षणभर थांबून माझ्याकडे बघायची. मला त्या क्षणाची सवय लागली.

मार्गशीर्षात ते घडलं. हरभरा फुलात होता. संध्याकाळी तेरला जाऊन परत आले तर कळप मधोमध, बांधाकडच्या तीन ओळी भुईसपाट. त्या दिवशी खताच्या उधारीवरून मन खवळलेलं होतं. खोलीत शिरले, गोफण ओढून काढली, वाटीत गोटा घातला आणि नेम जमिनीवर धरलाच नाही. गोफण तेव्हा अगदी सरळ गेली. एकच फेरी, मनगटात ती हलकी ओढ, चिमूट वेळेवर. इतक्या महिन्यांत इतका चांगला धोंडा माझ्या हातून सुटला नव्हता. फटक्यानंतर दुसरा एक आवाज आला, मऊ, बसका. एक मादी पुढच्या गुडघ्यांवर बसली. मग उठली आणि मागचा उजवा पाय वर धरून कळपामागे गेली.

चौतीस वर्षं मी मोडलेले हात झोळीत घालून गळ्यात अडकवले. त्या झोळीला वॉर्डात स्लिंग म्हणतात. गोफणीलाही इंग्रजीत तोच शब्द. आणि सुश्रुताने पट्ट्या बांधायचे जे चौदा प्रकार सांगितले त्यातल्या एकाचं नावच गोफणा आहे. हनुवटीला, नाकाला, ओठाला बांधायचा, मध्ये खोलगट आणि दोन्हीकडे शेपट्या. हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्या संध्याकाळी ओढ्यापर्यंत बॅटरी घेऊन मी त्या पायाचा माग काढत गेले तेव्हा ते आठवलं. ओल्या वाळूत तीन खुरांचे ठसे आणि चौथ्या जागी एक फराटा. मग खडक लागला आणि माग संपला.

सकाळी मी वनरक्षकांना फोन केला, झालं ते सांगितलं. ते आले, माझ्याबरोबर दुपारपर्यंत माळावर फिरले, मादी दिसली नाही. कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, जखमी करणंही शिकारच, असं त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितलं आणि दगड घालू नका म्हणून बजावून गेले. भाऊ तिकडे परवाना काढून शिकारी झाला होता. मी इथे विनापरवाना.

आत्या काही बोलली नाही. तिने खिळ्यावरची गोफण काढली आणि गावातल्या घरी नेली. अकरा दिवस खिळा रिकामा होता. दार लोटलं की नजर तिकडेच जायची. अकराव्या दिवशी ती गोफण परत घेऊन आली, आणि दुसऱ्या हातात घमेलं. विहिरीजवळची काळी माती खणून, भिजवून, थोडा भुसा घालून मळली. ओट्यावर पाय पसरून बसली आणि बेसनाचे लाडू वळावेत तसे गोळे वळायला लागली. मला म्हणाली, "बस. हात लाव." आम्ही दोघींनी शंभरावर वळले, पोत्यावर सावलीत मांडले. उन्हात वाळवले की तडकतात. चौथ्या दिवशी ते टणक झाले. पाखरांसाठी हेच असायचे, धोंडे फक्त रानडुकरांसाठी. मला ती आधी सांगायला विसरली होती, असं म्हणाली. विसरली नसावी. आपल्या हाताचा भरवसा तिने माझ्या हातावर ठेवला होता.

मातीच्या गोळ्यांनी गोफण बदलली. धोंड्यापेक्षा ते हलके, म्हणून फेरी जोराची लागते आणि वाटीतून सुटताना ती किंचित उसळते. वाटीचा तो काळा डाग आता मातीने करडा दिसतो. गोळा जमिनीवर आपटला की फुटतो, भुरकन धूळ उडते, आणि उन्हात ती धूळ क्षणभर उभी राहते. हरणं धोंड्यापेक्षा त्या धुळीला जास्त बिचकतात. फुटलेली माती पहिल्या पावसात पुन्हा रानात मिसळते. माझ्या रोजच्या कामात आता गोळे वळणं आलं आहे. चहा उकळत असतो तोवर दहा-बारा होतात. आणि यंदा बांधाच्या आतून, उगवतीकडे, मी अंबाडीची एक ओळ टाकली आहे. झुबका झिजत चाललाय. आत्याच्या हातात वाख वळायचं बळ आहे तोवर तो वळून घ्यायचा आहे.

यंदाही मृगाचा पाऊस बरा झाला. सोयाबीन दोन पानांवर आलं आणि आषाढातल्या एका सकाळी कळप आला. आता सतरा आहेत. दोन पाडसं नवी, आयांच्या पोटाखालून डोकावणारी. मी खोलीच्या दारात उभी राहिले. गोफण खिळ्यावरून काढली, फासा बोटात घातला, वाटीत गोळा ठेवला. वारा माझ्याकडून त्यांच्याकडे होता. पुढच्या मादीने मान वर केली. मी पाऊल टाकलं, गोळा त्यांच्या पुढे दहा पावलांवर फुटला, धूळ उडाली, आणि कळप वळला. एकेक जण उडी मारून बांधापलीकडे जाऊ लागला.

शेवटची मादी उडी मारत नव्हती. ती चालत बांधापर्यंत गेली. मागचा उजवा पाय ती टेकत होती, पण अलगद, टाच उचलून. बांध चढताना एकदा घसरली, पुन्हा चढली. वर उभी राहून तिने मागे पाहिलं. तिच्या बाजूला एक पाडस होतं.

मी दुसरा गोळा वाटीत घातला होता. तो काढून खिशात ठेवला, गोफण हातात तशीच लोंबती सोडली, वाटी घोट्याला लागेल अशी, आणि थांबले. ती पलीकडे उतरली, गवतात दिसेनाशी झाली. मग मी रिकामीच फिरवली, एकच फेरी. झुबका वाजला. आतून आत्याने विचारलं, "गेली का सगळी?"

"गेली," मी म्हटलं, आणि गोफण खिळ्यावर टांगली.